वाकलेली भिंत आणि वाकत असलेली भिंत

प्रश्न थोडक्यात असा आहे. घरामागच्या मोकळ्या जागेचं काम दीड वर्ष चाललं आहे आणि आराखडा पाच वेळा बदलला आहे. फरशी बसली, पण तिच्या ओळी घराच्या भिंतीला समांतर नाहीत. एका टोकाला 4 सेंटीमीटरचा फरक पडतो. मधल्या काही फरश्या वेगळ्या छटेच्या आल्या. कोबा केलेल्या भागात केसासारख्या भेगा आहेत. मोठ्या झाडाखाली हिरवळ धरत नाही. कुंपणाची जुनी दगडी भिंत थोडी कललेली आहे. पाऊस झाला की घराच्या एका कोपऱ्याशी पाणी साचतं. घरातल्या एकाला सगळं उखडून नव्याने करायचं आहे, दुसऱ्याला आता थांबायचं आहे, आणि गवंडी पुढच्या आठवड्यात मोकळा आहे. शेवटी तुम्ही विचारलंय, ‘अपूर्णता स्वीकारा असं सगळे सांगतात, पण नेमकं काय स्वीकारायचं आणि काय नाही?’

तुमच्या सगळ्या पत्रातला हा खरा प्रश्न आहे. 25 वर्षं मी घरांभोवतीच्या जागा आखते आहे, आणि ‘स्वीकारा’ असं सरसकट सांगणाऱ्यांचा मला रागच येतो, कारण साचलेलं पाणी स्वीकारायचं नसतं. तुमच्या यादीत सहा गोष्टी आहेत. त्यातली एक ताबडतोब दुरुस्त करायची आहे, एकीवर लक्ष ठेवायचं आहे आणि उरलेल्या चार मोडतोड न करता निभावून न्यायच्या आहेत. कोणती कुठे जाते हे ठरवताना मी स्वतःला एकच विचारते: हा दोष होऊन गेलेला आहे, की अजून होतोच आहे? वाकलेली भिंत पन्नास वर्षं उभी राहू शकते. वाकत असलेली भिंत एका पावसाळ्यात पडते. बघणाऱ्याला दोन्ही सारख्याच दिसतात.

आधी पाणी. कोपऱ्याशी साचणारं पाणी हा होत असलेला दोष आहे. ते पायाशी मुरतं, तिथली माती फुगते आणि सुकली की आकसते, भिंत ओल धरते, आतल्या खोलीतला रंग पापुद्रे धरून सुटतो. यात सौंदर्याचा काही संबंध नाही, म्हणून तडजोडही नाही. फरशीला घरापासून लांब ढाळ हवा, साधारण दर मीटरला 15 ते 20 मिलिमीटर. उघडी माती असेल तर पहिल्या 3 मीटरमध्ये 15 सेंटीमीटरपर्यंत उतार मिळायला हवा. भिंतीत डीपीसीचा, म्हणजे जमिनीतली ओल वर चढू न देणारा थर असेल तर बाहेरची फरशी किंवा माती त्याच्या 15 सेंटीमीटर तरी खाली असावी. आराखडा पाच वेळा बदलला की प्रत्येक वेळी थोडी भर पडत जाते आणि शेवटी अंगणाची पातळी घराच्या कमरेपर्यंत चढते. तुमच्याकडे हेच झालं असावं असा माझा कयास आहे, तेवढं मोजून बघा. मोजायला महागडं यंत्र लागत नाही. पारदर्शक नळीत पाणी भरून दोन टोकांची पातळी जुळवायची जुनी पद्धत आजही अचूक आहे. फक्त नळीत हवेचा बुडबुडा राहू देऊ नका, नाहीतर सगळं मोजमाप फसतं. त्या आधी वर बघा. पन्हाळीचा पाइप नेमका त्याच कोपऱ्यात उतरतो का? तसं असेल तर निम्मं दुखणं तिथेच आहे. पाइप लांबवून पाणी झाडांकडे वळवा.

दुरुस्ती फक्त त्या कोपऱ्यापुरती करा. फरशी वाळूच्या थरावर बसवलेली असेल तर तेवढ्याच फरश्या उचलायच्या, खालचा थर पुन्हा ढाळात ओढायचा, धुम्मसाने ठोकून घट्ट करायचा आणि त्याच फरश्या परत बसवायच्या. दोन दिवसांचं काम. सिमेंटमध्ये घट्ट बसवली असेल तर त्रास जास्त, पण क्षेत्र तेवढंच. एक कोपरा उचलतोच आहोत तर सगळंच उचलू, हा विचार दुपारच्या चहापर्यंत सगळ्यांच्या मनात येतो. त्याला बळी पडू नका. का, ते पुढे सांगते.

आता भिंत. तिच्याबद्दल मी लगेच मत देणार नाही, आणि जो कोणी एकदा नुसतं बघून मत देईल त्याच्यावर तुम्हीही विश्वास ठेवू नका. ओळंबा घ्या. भिंतीच्या माथ्यावर तीन ठिकाणी खुणा करा, तिथून ओळंबा सोडा आणि दोरी पायथ्यापासून किती लांब पडते ते मिलिमीटरमध्ये लिहून ठेवा, तारखेसकट. तीन महिन्यांनी पुन्हा मोजा, आणि पावसाळ्यानंतर पुन्हा एकदा. आकडे तेच राहिले तर भिंत कधीतरी कलली आणि मग स्थिरावली. आकडे वाढत असतील तर ती चालती आहे. भेगासुद्धा वय सांगतात. जुन्या भेगेच्या कडा झिजून गोल झालेल्या असतात, आत धूळ, शेवाळ, कोळ्याचं जाळं असतं. नवी भेग आतून स्वच्छ असते आणि तिची धार बोटाला लागते.

एक अपवाद आहे. भिंतीच्या मागे माती भरलेली असेल, म्हणजे ती माती अडवणारी भिंत असेल, तर थांबून बघण्याआधी तिच्यातून पाणी बाहेर पडायला छिद्रं आहेत का आणि ती उघडी आहेत का ते तपासा. अशा भिंती ढासळतात तेव्हा बहुतेक वेळा मागे साचलेल्या पाण्याचा दाब हेच कारण असतं. अशी भिंत मीटरभराहून उंच असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. तोवर तिच्या पायथ्याशी मुलांची खेळायची जागा नको.

उरलेल्या चार गोष्टींत सगळ्यात जास्त झोप उडवणारी गोष्ट म्हणजे फरशीच्या ओळी. तिच्याबद्दल माझा एक अनुभव सांगते. व्यवसायात नवीन असताना एका घराचं अंगण मी 2 सेंटीमीटरच्या फरकासाठी पूर्ण उचलायला लावलं होतं. दुसऱ्यांदा ओळी घराच्या भिंतीला अगदी समांतर बसल्या, आणि संध्याकाळी समोरच्या कुंपणाकडे बघितलं तर तिथे आता फरक दुप्पट दिसत होता. घराची भिंत आणि कुंपण मुळातच एकमेकांना समांतर नव्हते. तो फरक आम्ही दुरुस्त केलाच नव्हता, एका भिंतीपाशी होता तो दुसऱ्या भिंतीपाशी नेऊन ठेवला होता. ज्यांचं घर होतं त्यांनी पैसे दिले, मजुरांनी दोन आठवडे घाम गाळला, आणि मला मात्र काम सुरू व्हायच्या आधी दोरी लावून दहा मिनिटांत हे कळू शकलं असतं. तेव्हापासून कोणत्याही जागेत मी आधी चारही बाजू आणि दोन्ही कर्ण मोजते. कर्ण सारखे आले अशी जागा फार क्वचित मिळते.

तुमचा 4 सेंटीमीटरचा फरक कुठेतरी राहणारच आहे. तो कुठे ठेवायचा एवढंच आपल्या हातात आहे. दोन सरळ रेषा शेजारी-शेजारी आल्या की डोळा लगेच त्यांची तुलना करतो, म्हणून त्यांच्यापैकी एक रेषा पुसून टाका. भिंतीलगतची फरशांची एक ओळ काढा आणि त्या निमुळत्या पट्टीत खडी भरा. बुटकी, पसरणारी रोपं लावायची असतील तर भिंतीपासून थोडी लांब लावा, म्हणजे भिंतीला ओल लागणार नाही. फरशीची कड पानांखाली गेली की 4 सेंटीमीटर शोधायला टेप लागेल. पावसाचं उडणारं पाणीही खडीत जिरून भिंत कमी मळते, हा वरचा लाभ.

पुढे कधी नवं काम कराल तेव्हा लक्षात ठेवा: सांधा जितका बारीक तितकी चूक ठळक. 2-3 मिलिमीटरच्या सांध्यात दगडाचा एक मिलिमीटरचा फरकसुद्धा उघडा पडतो. 10-12 मिलिमीटरचा सांधा तोच फरक पोटात घेतो. हाताने घडवलेला दगड घेऊन कारखान्यातल्या टाइलसारखा बारीक सांधा मागितला की गवंडी हमखास हरतो आणि दोष त्याच्यावर येतो. दगडाच्या स्वभावाप्रमाणे सांधा ठरवायला हवा होता.

वेगळ्या छटेच्या फरश्यांचं कारण बहुधा वेगळी खेप. वेगवेगळ्या दिवशी बनलेल्या मालात रंग थोडा हलतोच, म्हणून बसवताना तीन-चार गठ्ठे एकदम उघडून आलटून पालटून घ्यायच्या असतात. आता ऊन, पाऊस आणि पायांची वर्दळ मिळून पहिल्या दोन-तीन वर्षांत बराच फरक कमी करतील. तोवर थांबवत नसेल आणि फरश्या वाळूवर असतील तर त्या ठिगळातल्या निम्म्या उचलून बाकीच्या अंगणात विखरून टाका. ठिगळ दिसतं, ठिपके दिसत नाहीत. फरशीवर पांढरट क्षार फुलले असतील तर कोरड्या ब्रशने झाडा आणि पुढे जा, ते हळूहळू थांबतात.

कोब्याच्या भेगांनी घाबरून जाऊ नका. काँक्रीट सुकताना आकसतं, त्याला इलाज नाही. म्हणून 10 सेंटीमीटर जाडीच्या थराला साधारण अडीच-तीन मीटरवर जॉइंट कापून ठेवतात, म्हणजे भेग त्या सरळ रेषेत लपते. जॉइंट दिला नाही तर काँक्रीट स्वतःची वाट स्वतः शोधतं. भेगेवरून बोट फिरवून बघा. दोन्ही बाजू एकाच पातळीत असतील तर ती भेग झालेली आहे, सोडून द्या. एक बाजू उचललेली लागली तर खाली काहीतरी चाललं आहे: मूळ वर येतंय, भराव खचतोय किंवा एखादा पाइप गळतोय. मग तेवढा भाग उघडून बघावा लागेल. पायरीच्या बाबतीतही मी इतकीच कडक असते. एका रांगेतल्या पायऱ्यांपैकी एकीची उंची सेंटीमीटरभर जरी वेगळी असली तरी माणूस अडखळतो, कारण पहिल्या दोन पायऱ्यांत पायाला जी सवय लागते त्या भरवशावरच तो पुढचं पाऊल टाकतो.

झाडाखालच्या हिरवळीबद्दल मला सविस्तर बोलायचं आहे, कारण तिथे नुकसान होण्याची भीती मला सगळ्यात जास्त वाटते. गवताला दिवसातून निदान चार ते सहा तास ऊन लागतं. दाट सावलीत, मोठ्या झाडाच्या मुळांशी पाण्यासाठी झगडत ते जगणार नाही. दरवर्षी नवी हिरवळ अंथरणं म्हणजे दरवर्षी तीच चूक विकत घेणं. गवत येत नाही म्हणून लोक तिथे माती खणतात किंवा चांगल्या मातीचा थर टाकतात, आणि दोन्हींनी झाड दुखावतं. झाडाची अन्नपाणी शोषणारी मुळं बहुतांश वरच्या अर्ध्या मीटरमध्येच असतात आणि फांद्यांच्या घेरापलीकडेही पसरलेली असतात. त्यांना हवा लागते. वर 10-15 सेंटीमीटर माती टाकली की ती गुदमरतात. खोड जमिनीपाशी जिथे रुंद होतं तो भाग मातीत गाडला गेला तर तिथून कुजायला लागतं. याचा परिणाम लगेच दिसत नाही. तीन-चार वर्षांनी शेंडे वाळतात, आणि तेव्हा कारण कुणाच्या लक्षातही राहिलेलं नसतं.

म्हणून तिथे हिरवळ नको. पडणारा पालापाचोळा तिथेच राहू द्या, किंवा लाकडाच्या चिपांचं 5 ते 8 सेंटीमीटर जाडीचं आच्छादन करा, खोडापासून वीतभर अंतर ठेवून. मधूनमधून सावलीत वाढणारी जमिनीलगतची रोपं मुळं न दुखावता खोचा. आणि कुठेतरी उन्हाच्या बाजूला हातभर जमीन तशीच उघडी, आच्छादनाशिवाय राहिली तर राहू द्या. जगातल्या मधमाश्यांच्या जातींपैकी जवळपास 70 टक्के पोळं बांधत नाहीत, जमिनीत बीळ करून राहतात. आपल्याला टक्कल वाटणारी जागा त्यांच्या घराचा दरवाजा असू शकते.

सजीव गोष्टींकडून दगडासारखा नेमकेपणा मागू नये हे मला एका फाटकाने शिकवलं. फाटकाच्या दोन्ही बाजूंना मी एकाच उंचीची, एकाच आकाराची दोन झाडं लावली होती. तिसऱ्या वर्षी त्यातलं एक गेलं. त्या वयाचं, त्या घेराचं दुसरं झाड कुठेच मिळेना. लहान रोप लावलं तर जोडी विजोड, उरलेलं काढावं तर निरोगी झाड मारायचं. जोडीत एक हरवलं की दुसरंही चुकीचं दिसायला लागतं. एकाच जातीच्या, एका रेषेत छाटलेल्या कुंपणाचंही असंच, एक रोप मेलं की पडलेल्या दातासारखी फट. तेव्हापासून मी तीन, पाच, सात अशा विषम संख्येत, वेगवेगळ्या उंचीची झाडं लावते. पाचातलं एक गेलं तर चौघं जागा वाटून घेतात आणि वर्षभरात कुणाला सांगूनही पटत नाही की तिथे पाचवं होतं.

न्यूयॉर्कमधल्या हाय लाइनचं उदाहरण मला इथे आठवतं. उंचावरून जाणारा तो मालगाडीचा मार्ग 1980 मध्ये बंद पडला आणि रुळांमध्ये आपोआप रान उगवलं. 2009 मध्ये त्याचा पहिला भाग बाग म्हणून उघडला, तेव्हा लागवडीची आखणी करणाऱ्या पीट औडॉल्फ यांनी त्या रानाचाच धागा पकडला. ते वाळलेले देठ आणि बोंडं हिवाळाभर उभी ठेवतात. सुकलेल्या झाडाचा आकारही त्यांच्या आखणीत धरलेला असतो. तिथले कर्मचारी कमी कष्ट करतात असं समजू नका. काय काढायचं आणि काय राहू द्यायचं हे रोज बघावं लागतं, आणि मोकळी दिसणारी बाग टिकवणं हे छाटलेल्या कुंपणापेक्षा जास्त नजर मागतं.

आता ‘सगळंच उखडू’ या विचाराकडे वळते. नव्याने करण्यात फक्त पैसे जातात असं वाटतं. जाते ती माती. यंत्र, ट्रॉली, खडीचे ढीग आणि माणसांची ये-जा यांनी माती दाबली जाते, तिच्यातली हवेची पोकळी मिटते, पाणी वरच्या वर वाहायला लागतं. ती पुन्हा सैल व्हायला वर्षं लागतात. दीड वर्षात तुमच्या मातीने हे सोसलेलं आहे. कोपऱ्यात साचणाऱ्या पाण्यामागेही याचा थोडा हात असेल. साधी परीक्षा करा: फूटभर खोल खड्डा खणा, पाण्याने भरा, जिरू द्या, पुन्हा भरा आणि तासाला पातळी किती उतरते ते बघा. अडीच सेंटीमीटर किंवा जास्त उतरली तर निचरा ठीक. त्याहून कमी असेल तर त्या मातीला आता सगळ्यात जास्त गरज आहे ती कुणीही तिच्यावरून यंत्र न नेण्याची, आणि वरून पाचोळा, कंपोस्ट मिळत राहण्याची. बाकी गांडुळं बघून घेतील.

आराखडा पाच वेळा का बदलला असेल याचाही मला अंदाज आहे. फोनवर दिसणारी बाग ही बहुतेक वेळा लागवडीच्या दुसऱ्या आठवड्यातली असते, रोपं खच्चून भरलेली, संध्याकाळच्या तिरप्या उन्हात टिपलेली. पूर्ण वाढीची जागा सोडून लावलेली तुमची बाग पहिल्या वर्षी तिच्यापुढे उघडीबोडकी दिसणारच. रोपं आधी खाली, मुळांत वाढतात. तिसऱ्या वर्षाच्या आधी कोणत्याही बागेला नापास करू नये असा माझा नियम आहे, आणि घाईने जास्तीची रोपं कोंबली की तिसऱ्या वर्षी निम्मी उपटावी लागतात.

पायवाटांचंही तेच. त्या कागदावर आखू नका. एक पूर्ण ऋतुचक्र जाऊ द्या, पाय कुठून जातात ते बघा. कपडे वाळत घालायला, नळाकडे, मागच्या दाराकडे गवत कुठे झिजतं ते दिसेल. वाट आपोआप थोडी वळते, कोपरा कापून जाते. तिथेच फरश्या टाका. सरळ रेषेत टाकलेली वाट सोडून तिच्या शेजारी मातीत उमटलेली दुसरी वाट मी इतक्या ठिकाणी पाहिली आहे की आता वाट आखायला मला भीतीच वाटते.

घरातल्या मतभेदाबद्दल एवढंच सुचवते. दोघांनी महिनाभर, एकमेकांना न दाखवता, जे खुपलं ते तारखेसह लिहा. पण त्या महिन्यात रोज थोडा वेळ तिथे खुर्ची टाकून बसा. खिडकीतून बघताना जागेची तपासणी होते, बसल्यावर तिचा वापर होतो. माझा अनुभव असा, की उखडू म्हणणाऱ्याचं एखाद्या बाबतीत पूर्ण बरोबर असतं, बहुतेकदा पाण्याच्या किंवा पायरीच्या, आणि ती एक गोष्ट कुणी ऐकून घेत नाही म्हणून तो बाकीच्या दहांबद्दल हट्ट धरतो. ती दुरुस्त झाली की उरलेली यादी आपोआप लहान होते.

गवंड्याला पुढच्या आठवड्यात जरूर बोलवा. त्याला तीन कामं सांगा: कोपऱ्याचा ढाळ, भिंतीलगतची एक ओळ काढून खडीची पट्टी, आणि दोघांनी मिळून भिंतीवर ओळंब्याच्या खुणा. तीन दिवसांत तो मोकळा होईल. काढलेल्या ओळीतल्या आणि उरलेल्या फरश्या मात्र त्याला नेऊ देऊ नका. त्या कोठीतही ठेवू नका. कुंपणाजवळ उन्हापावसात, एकीवर एक न रचता, सुट्या उभ्या करून ठेवा. पाच-सात वर्षांनी एखादी फुटेल तेव्हा बदलायची फरशी अंगणाइतकीच जुनी झालेली असेल.